फूल दाखवलंस, पान कुठंय?

ऊन तापायला लागलं की ज्यांच्याकडे चार कुंड्या आहेत त्या सगळ्यांचं एकच सुरू होतं, सकाळी उठायचं, फुलांचे फोटो काढायचे आणि एकमेकांना पाठवायचे. काही फोटो नुसते "बघा आज काय फुललंय" म्हणून येतात आणि काहींच्या खाली प्रश्न असतो, "हे कोणतं फूल आहे, कुणाला माहितीये का?" मला दोन्ही आवडतात पण दुसरे जास्त, कारण त्यात पुढची सगळी मजा असते, चार जण चार नावं सांगतात, मग कुणीतरी म्हणतं की नाही हो, आमच्याकडे हेच आहे आणि त्याचं नाव वेगळंय, आणि मग गाडी जी सुरू होते ती दुपारपर्यंत चालते.

पण या प्रश्नवाल्या फोटोंची एक गंमत आहे, ते जवळजवळ सगळे एकसारखे असतात. फूल बरोबर मधोमध, अगदी जवळून, समोरून, आणि मागचं सगळं छान धूसर. फोनचा पोर्ट्रेट मोड लावलेला असतो ना, तो पानं, देठ, कळ्या सगळं मऊ हिरवं करून टाकतो. फोटो सुंदर येतो यात वादच नाही. पण ओळखायला जे लागतं ते नेमकं त्या धूसर भागात गेलेलं असतं. माझी मावशी, जिला आमच्यातली बहुतेक मंडळी शेवटी विचारतात, तिचं म्हणून एकच ठरलेलं उत्तर असतं, "अगं फूल दाखवलंस, पान कुठंय?"

पिवळ्या फुलांचंच घ्या. उन्हाळ्यात लांबून बघितलं तर सारखीच वाटतील अशी तीन पिवळी फुलं हमखास येतात, अलमांडा, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, आणि टेकोमा. तिन्ही पिवळी, तिन्हींना खाली नळी आणि वर पसरट पाच पाकळ्या, आणि समोरून जवळून काढलेल्या फोटोत भल्याभल्यांना कळत नाही. आता पानं बघा. अलमांडाची पानं जाडसर, चकचकीत, आणि एकाच पेरावर तीन-चार पानं गोल मांडून ठेवल्यासारखी. बिट्टीची अरुंद, लांबच लांब, फांदीभोवती एकेक करत फिरत वर गेलेली. आणि टेकोमाचं एक पान म्हणजे एक पान नाहीच, मधल्या दांड्यावर समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या, टोकाला एक, आणि प्रत्येकाची कड दातेरी. एवढं दिसलं की संपलं, वाद घालायला काही उरत नाही. वर आणखी हवं असेल तर पान खुडून बघा, अलमांडा आणि बिट्टीला पांढरा चीक येतो, टेकोमाला येत नाही. म्हणजे पहिली दोन करवीर कुळातली, कण्हेरीची नातेवाईक, आणि टेकोमा टेटू कुळातला, त्यांचा एकमेकांशी जवळचा काही संबंध नाही, फक्त फुलाचा रंग आणि घाट जुळलाय.

आणि हे नुसतं हौस म्हणून नाहीये हं. बिट्टीचं बी खरोखर विषारी असतं, हृदयावर परिणाम करतं, लाल-गुलाबी कण्हेरीचंही तसंच, पान, फांदी, फूल सगळंच. घरात रांगणारं मूल असेल आणि कुणी "टेकोमा आहे, लावा" म्हणून बिट्टीची रोपं देऊन गेलं तर? म्हणून मला नाव बरोबर सांगणं ही चांगुलपणाची गोष्ट वाटते, नुसत्या माहितीची नाही. मांजर पाळणाऱ्यांना तर मी मुद्दाम सांगते की लिली म्हणून जे घेताय ते नक्की काय आहे ते बघा, कारण खरी लिली आणि डे लिली ही दोन्ही मांजरांच्या मूत्रपिंडांना भयंकर घातक आहेत, नुसते परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी जिवावर बेतू शकतं. दुकानात मात्र लिली या नावाखाली काहीही मिळतं.

पांढऱ्या फुलांचा मामला याहून अवघड, आणि मला तो जास्त आवडतो. कारण पांढऱ्या फुलांत निम्मी ओळख वासात असते आणि वास काही फोटोतून जात नाही. मोगरा, जाई, जुई, कुंद ही नावं आपण लहानपणापासून एका दमात म्हणतो पण वेगवेगळी करून दाखवा म्हटलं की गडबडायला होतं. इथेसुद्धा पान सोडवतं. मोगऱ्याचं पान एकटं, रुंद, गोलसर, समोरासमोर जोडीनं आलेलं, वरून तुळतुळीत. जाईचं पान टेकोमासारखं संयुक्त, नाजूक, आणि तिची कळी बाहेरून थोडी गुलाबी असते, ती गुलाबी छटा फूल उमललं तरी पाकळ्यांच्या मागे राहते, म्हणून मागून फोटो काढा म्हणते मी. जुईचं पान तर बघण्यासारखं आहे, मोठं पान एक, आणि त्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना दोन इवलीशी पानं, कानाच्या पाळ्यांसारखी. ती पहिल्यांदा कुणी बोटानं दाखवली की नंतर जुई कधी चुकत नाही. कुंदाचं पान साधं पण त्यावर बारीक लव, हात फिरवला की कळते. आणि या सगळ्यांत तगर येऊन घुसते, पाच पाकळ्या भिंगरीसारख्या किंचित वळलेल्या, लोक तिला मोगऱ्याचाच एखादा प्रकार समजतात, पान तोडा, चीक आला की ती या घरातली नाहीच.

हे सगळं मावशीनं कधी बसवून शिकवलं नाही. तिची पद्धत म्हणजे उत्तर न देता परत पाठवायची. "पान कसंय? समोरासमोर की एकाआड एक? चीक येतो का? कळी पाठव. मागून पाठव." मग आपण चप्पल घालून परत बाहेर जातो, वाकून बघतो, आणि बहुतेक वेळा तिला फोटो पाठवायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. मला वाटतं फूल ओळखण्यातलं सगळ्यात मोठं सुख हेच आहे, नाव मिळण्यात नाही, त्या दुसऱ्या फेरीत आहे. पहिल्यांदा आपण फूल बघतो कारण ते आपल्याला हाक मारतं. दुसऱ्यांदा आपण झाड बघतो.

बोगनवेल मात्र या सगळ्याला छेद देते. तिच्या फोटोत सगळ्यांनी पान दाखवलेलंच असतं, आणि त्यालाच फूल समजलेलं असतं. ते जे गुलाबी, जांभळं, नारिंगी कागदासारखं दिसतं ना, ती पाकळी नव्हे, रंग बदललेलं पान आहे, छद म्हणतात त्याला. उन्हाकडे धरून बघा, पानासारख्या शिरा स्पष्ट दिसतात. अशी तीन छदं एकत्र, आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी, तिचं तोंड पांढरट, ताऱ्यासारखं उघडलेलं, ते खरं फूल. बऱ्याच जणांकडे वर्षानुवर्षं बोगनवेल असते आणि त्यांनी ही नळी कधी बघितलेली नसते. आत्ता जाऊन बघा, मी सांगतेय म्हणून.

बोगनवेलीची गोष्ट सांगायला लागलं की मला झान बारे आठवते. 1766 साली फ्रान्सहून बूगँव्हील नावाच्या दर्यावर्दीची जगप्रदक्षिणा निघाली, त्यावर फिलिबेर कॉमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि त्याचा मदतनीस म्हणून जो माणूस जहाजावर चढला तो खरं तर बाई होती, पुरुषाचे कपडे घालून, कारण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना परवानगीच नव्हती. ती झान बारे. 1767 मध्ये जहाज रिओ दि जानेरोला असताना ही वेल त्यांच्या संग्रहात आली आणि पुढे तिला नाव मिळालं ते मोहिमेच्या कप्तानाचं, बूगँव्हीलचं. सगळी ओझी वाहणारी, डोंगरदऱ्यांतून झाडं गोळा करणारी ती, पृथ्वीला फेरी मारणारी माहीत असलेली पहिली बाई ती, आणि नाव कप्तानाचं. कॉमेर्सोंनं एका वनस्पतीला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं, त्या झाडाची पानं एकाच फांदीवर वेगवेगळ्या आकाराची होती म्हणून, पण ते नाव टिकलं नाही. शेवटी 2012 साली दक्षिण अमेरिकेतल्या एका नव्या वेलीला शास्त्रज्ञांनी सोलानम बारेटी असं नाव दिलं, टोमॅटो-बटाट्याच्या कुळातली वेल, आणि निवड करताना हेच बघितलं की हिचीही पानं अशीच नाना आकारांची आहेत. अडीचशे वर्षांनी का होईना, तिचं नाव लागलं आणि ते पानावरून लागलं याचा मला फार आनंद होतो.

आता गुलबाक्षी. बोगनवेल आणि गुलबाक्षी एकाच कुळातल्या आहेत, पुनर्नवा कुळ, हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण गुलबाक्षीलाही खऱ्या पाकळ्या नसतात. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो तो रंगीत निदलपुंज असतो, म्हणजे इतर फुलांत जे हिरवं असून कळीला झाकतं ते इथे रंगून नळी झालेलं असतं. आणि तळाशी जो हिरवा पेला दिसतो तो पुन्हा छदांचाच, बोगनवेलीची छदं फक्त रंगीत, हिची हिरवी. दोघींना शेजारी ठेवून फोटो काढला तर एकदम लक्षात येतं.

गुलबाक्षीचे फोटो उन्हाळ्यात भरपूर येतात कारण एकाच झुडपावर पिवळी, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांची, ठिपक्यांची अशी फुलं येतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडेच काहीतरी खास झालंय. खासच आहे ते! या झाडानं शास्त्रज्ञांना सुद्धा कामाला लावलं. कार्ल कॉरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं गुलबाक्षीच्या फुलांच्या रंगांचा अभ्यास केला पण 1909 मध्ये त्यानं जे प्रसिद्ध केलं ते पानांवरून होतं. काही गुलबाक्षींची पानं हिरवी-पांढरी चट्टेदार असतात आणि त्याच झुडपावर एखादी फांदी पूर्ण हिरवी तर एखादी पूर्ण पांढरी निघते. त्यानं बघितलं की बी ज्या फांदीवर धरलं त्या फांदीसारखीच रोपं होतात, पराग कुठून का आणलेला असेना. म्हणजे हा गुण फक्त आईकडून जातो. आज आपल्याला कारण माहीत आहे, हरितद्रव्याचे कण बीजांडातून येतात, परागातून येत नाहीत. तर तुमच्याकडे चट्टेदार पानांची गुलबाक्षी असेल आणि तुम्हाला तशीच रोपं हवी असतील तर काळं बी चट्टेदार फांदीवरचं गोळा करा. तरी त्यातून तीन तऱ्हा निघतील, हिरवी, चट्टेदार आणि पांढरी, पांढरी बिचारी उगवून थोड्या दिवसांत मरतात, त्यांना स्वतःचं अन्नच तयार करता येत नाही. हिरव्या फांदीवरचं बी मात्र हिरवंच देणार.

वेळ ही दुसरी गोष्ट जी फोटोत दिसत नाही. "किती वाजता काढलास?" हा मावशीचा दुसरा प्रश्न. मधुमालती संध्याकाळी उमलते ती पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल. तिघांनी तीन वेळी एकाच वेलीचे फोटो काढले तर तीन झाडं वाटतील. पांढरी असताना रात्रीचे लांब सोंडेचे पतंग येतात, नंतर रंग चढल्यावर दिवसाचे पाहुणे. घाणेरीचंही तसंच, म्हणजे टणटणी, एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा लाल, ती दोन जातींची सरमिसळ नाही, मधली ताजी आहेत आणि कडेची जुनी, फुलपाखरांना पिवळा रंग सांगतो की इथे अजून मध आहे. ऑफिस टाइम, चिनी गुलाब म्हणा पोर्टुलाका म्हणा, तिला कडक ऊन लागतं, ढगाळ दिवशी ती तोंड उघडत नाही आणि दुपार कलली की मिटते. तिच्याबद्दल एक सांगते, भर उन्हात उमललेल्या फुलातले पिवळे केसर काडीच्या टोकानं हलकेच एका बाजूनं स्पर्श करून बघा, ते वळतात. हळूच, पण डोळ्यांना दिसेल इतके. एखाद्या मधमाशीच्या पायांनी हेच होतं, आणि पराग तिच्या अंगाला लागतात. मी हे लहान मुलांना दाखवते तेव्हा ती पुढची सगळी फुलं एकेक करून हलवत बसतात.

लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1751 मध्ये फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती, कोणतं फूल किती वाजता उमलतं-मिटतं त्याची यादी करून, ते वाफ्यात ओळीनं लावलं तर वेळ कळेल अशी. प्रत्यक्षात हवा, ऊन, जागा यावर ते बदलत राहणार, पण ओळखीसाठी वेळ लिहून ठेवणं फार कामाचं आहे. फोटोवर फोन आपोआप वेळ नोंदवतोच, फक्त तो फॉरवर्ड होत होत पुढे जातो तेव्हा ती निघून जाते, म्हणून शब्दात लिहा, "संध्याकाळी सहाला उघडलं".

सूर्यफूल, झेंडू, झिनिया, कॉसमॉस, गेलार्डिया या मंडळींवर मी फार थांबत नाही, ती बहुतेकांना येतात. एकच सांगते, नारिंगी झिनिया आणि टिथोनिया म्हणजे मेक्सिकन सूर्यफूल यांच्यात नेहमी गोंधळ होतो. झिनियाची पानं जोडीनं समोरासमोर आणि देठाशिवाय थेट खोडाला चिकटलेली, टिथोनियाची एकाआड एक, आणि तिच्या फुलाखालचा दांडा वरती फुगलेला, पोकळ. आणि हो, फुललेलं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरत नाही, कोवळं असतानाच फिरतं, पूर्ण उमललं की पूर्वेला तोंड करून थांबतं, सकाळी लवकर तापतं आणि म्हणून मधमाश्या जास्त येतात. फोटो काढायला सकाळीच पूर्वेच्या बाजूनं जा, चेहरा मिळेल.

पान मागायची सवय झाली की उन्हाळ्यातली काही झाडं चांगलीच अडवतात कारण त्यांना तेव्हा पानच नसतं. मे फ्लॉवर, तो लाल गोळा, फुटबॉल लिली म्हणतात ती, बऱ्याचदा मातीतून आधी नुसता दांडा आणि त्यावर फूल. पानं मागाहून येतात. बरं तो गोळासुद्धा एक फूल नाही, कितीतरी छोट्या फुलांचा गुच्छ आहे, प्रत्येकाला सहा बारीक पाकळ्या आणि बाहेर आलेले केसर. चाफा कित्येकदा नुसत्या काड्यांवर फुलतो. अशा वेळी दांडा बघायचा. कंदातून येणारी मोठी कर्ण्यासारखी लाल-पांढरी फुलं सगळे अमारिलिस म्हणून पाठवतात, पण घरोघरी असतं ते बहुधा हिपिआस्ट्रम, दांडा आतून पोकळ असतो. खऱ्या अमारिलिसचा भरीव. फूल सुकल्यावर दांडा कापतोच आपण, तेव्हा बघून ठेवा.

फोनमधली ओळख सांगणारी ॲप आता खूप छान झालीयेत आणि मी ती वापरते, विशेषतः प्लांटनेट, कारण ते फोटो टाकला की विचारतं हे फूल आहे का पान आहे का फळ की खोडाची साल. म्हणजे मावशीचाच प्रश्न. एका झाडाचे तीन-चार भाग दिले की उत्तर नुसत्या फुलापेक्षा कितीतरी नेमकं येतं. फक्त एक, बागेतल्या संकरित वाणांचं नाव त्याच्याकडून घेऊ नका, तिथे ज्यानं रोप दिलं त्याची आठवणच खरी.

म्हणूनच फांद्या वाटताना मी चिठ्ठी बांधते. नाव, फुलाचा रंग, कधी फुलतं, ऊन किती, आणि कुणाकडून आलं. शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण काही बिघडलं, शंका आली, तर मूळ झाड जाऊन बघता येतं. पेन्सिलीनं लिहायचं, शाई उन्हात उडते.

सध्या आमच्यात चर्चा चाललीय ती एका निळ्या वेलीची. एका ओळखीच्या काकांनी फोटो पाठवला, फिकट निळं मोठं फूल, गळ्याशी पिवळसर. थनबर्जिया हे सगळ्यांनी लगेच सांगितलं, पण दोन थनबर्जिया तशाच दिसतात, ग्रँडिफ्लोरा आणि लॉरिफोलिया, फुलावरून वेगळ्या करणं कठीण. मावशीनं लिहिलं, "काका, फूल फारच सुरेख आलंय, आता वेलीचं मधलं एक जुनं पान पाठवा ना, कोवळं नको, आणि मागची बाजूपण." काकांनी पान तळहातावर ठेवून पाठवलं. लांबट, टोकदार, कडेला कोपरे जवळजवळ नाहीतच, तळापासून निघालेल्या तीन शिरा स्पष्ट, हात लावला तर गुळगुळीत लागतं असं त्यांनी खाली लिहिलं होतं. ग्रँडिफ्लोराचं पान रुंद, तळाशी बदामी, कडेला कोन निघालेलं आणि खरखरीत असतं. म्हणजे ही लॉरिफोलिया. काका म्हणाले, "हव्या तेवढ्या फांद्या घेऊन जा." घेणार आहेच मी, पण ही वेल फार धावते, कित्येक देशांत ती जंगलात घुसून झाडांवर चढून बसलीय, तेव्हा जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत लावायची आणि शेजारच्या झाडाला टेकू द्यायची नाही हे मी आधीच ठरवलंय. चिठ्ठीवर पण तसंच लिहीन, पुढे कुणाला दिली तर त्यांनाही कळेल.